थोडी सूत्रं आपल्या हाती

पाणी रोज पहाटे साडेचारला येतं हे ठाऊक असलं की माणूस गजर लावतो, उठतो, पिंपं भरतो आणि दिवसाच्या कामाला लागतो. तेच पाणी ‘आज येईल, नाहीतर उद्या’ असं झालं की अख्खं घर नळाकडे कान लावून बसतं. कष्ट पहिल्या घरातही आहेत, झोपमोडही आहे. तरी जास्त शिणतं ते दुसरं घर. रोजच्या ताणाचं मर्म या फरकात आहे.

शरीराची धावपळ

1936 साली ‘नेचर’ या नियतकालिकात माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांचं एक छोटंसं टिपण छापून आलं. उंदरांना वेगवेगळे अर्क टोचताना त्यांना दर वेळी तेच तीन बदल दिसत होते: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. मग कडाक्याची थंडी किंवा अतिश्रम दिले, तरी परिणाम तोच. त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर बरंचसं सारखंच असतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

हे उत्तर मुळात आपल्या भल्याचंच आहे. धोका जाणवला की काही सेकंदांत ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. हृदयाची गती वाढते, यकृत साखर मोकळी करतं, पचन मंदावतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढू लागतं आणि साधारण वीस ते तीस मिनिटांत शिगेला पोचतं. प्रसंग सरला की सगळं हळूहळू पूर्वपदावर येतं. परीक्षेआधीची धडधड किंवा व्यासपीठावर जाताना कोरडा पडणारा घसा यात काहीही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते प्रसंग सरतच नाही तेव्हा. कर्जाचा हप्ता, साहेबांचा रात्री अकराचा मेसेज, वडिलांचे रखडलेले रिपोर्ट अशा गोष्टी शरीराला सतत सज्ज ठेवतात. मग झोप उडते, ॲसिडिटी वाढते, रक्तदाब चढतो आणि घरच्यांवर विनाकारण आवाज चढतो.

ओझं तेच, परिणाम वेगळा

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी 1970च्या सुमारास उंदरांवर एक प्रयोग केला. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे झटके बसत. एकाला समोरचं चाक फिरवून ते थांबवता येत. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. जठरात व्रण जास्त झाले ते या हतबल उंदराला. झटक्याआधी इशारा मिळत असेल, तरीही व्रण कमी होत.

माणसांतही याच्याशी जुळणारं चित्र दिसलं. 1967 साली लंडनच्या सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांच्या आरोग्याची पाहणी सुरू झाली. पुढे मायकेल मार्मट यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं. मोठ्या जबाबदारीचे अधिकारी हृदयविकाराने लवकर जात असतील, असा सर्वसाधारण समज होता. आकडे उलटंच सांगत होते: पायरी जितकी खालची, मृत्यूचं प्रमाण तितकं जास्त. धूम्रपानासारखी कारणं लक्षात घेऊनही फरक पुरता मिटेना. 1985 साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत, ज्यांना आपल्या कामाबद्दल फारसं ठरवता येत नाही त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

मग करायचं काय?

पहिला उपाय कागदाचा. रात्री पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढा. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर केलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी यादी करणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादीत आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं लिहिलं, तर आणखी उत्तम.

दुसरा श्वासाचा. 2001 साली इटलीतल्या संशोधकांना आढळलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लयही सुधारते. जप करा किंवा नुसते मोजून श्वास घ्या. उच्छ्वास लांबवला की नाडी शांत होऊ लागते.

तिसरा चालण्याचा. शरीराने पळण्यासाठी तयार केलेली साखर स्नायूंनी वापरली की शरीराची ती तयारी सार्थकी लागते.

हे करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामातलं लक्ष हरवलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पण सगळा भार ताणलेल्या माणसावरच टाकणं अन्यायाचं आहे. दिवाळीच्या घाईत घरच्या बाईला ‘काही मदत करू का?’ विचारलं, तरी काय, कधी, किती याचा विचार तिच्याच डोक्यात राहतो. त्यापेक्षा चकल्यांचं सगळं, भाजणी आणण्यापासून झारा धुण्यापर्यंत, आपण अंगावर घ्यावं. साहेबांनी सुट्टीचा निर्णय आदल्या दिवशीपर्यंत लटकवू नये. डॉक्टरांनी रिपोर्ट कधी मिळेल ते स्पष्ट सांगावं. उशीर होणार असेल तर घरी कळवावं. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. दुसऱ्याची अनिश्चितता कमी करणं हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे, आणि ताणाविरुद्धचा तो सर्वांत खात्रीचा सामाजिक उपाय आहे, असं मला मनापासून वाटतं.