सेवानिवृत्तांचा गृहदिनक्रम आणि छंद : शिराळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेस वसलेले शिराळा हे गाव 'बत्तीस शिराळा' या नावाने ओळखले जाते. नागपंचमी, समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आणि भुईकोट किल्ला यांमुळे या गावाचा नावलौकिक महाराष्ट्रभर आहे. उत्सवाच्या या ओळखीआड गावाचे एक शांत जीवनही वाहत असते. नोकरीचा काळ संपवून घरी स्थिरावलेल्या ज्येष्ठांचे जीवन हा त्याचाच एक भाग होय. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. ज्येष्ठांचे आरोग्य व अर्थसाहाय्य यांविषयी बरेच लेखन होते. परंतु त्यांचा दिवस घरात कसा जातो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या दिनक्रमाचे व छंदांचे स्वरूप आणि त्यांमागील श्रमविभागणी यांचा विचार केला आहे.

निवृत्ती : काहींचीच

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत निवृत्तीचे वय सर्वसाधारणपणे ५८ वर्षे, तर चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांसाठी ६० वर्षे आहे. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, कारकून यांना निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते. सैनिक त्यापूर्वीच, ऐन उमेदीच्या वयात गावी परततो. मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्या घाटावरच्या कामगारांची गोष्ट याहून वेगळी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेकांची नोकरी निरोपसमारंभाविनाच संपली. शेतकऱ्याला तर निवृत्तीचे वयच नसते. हातपाय चालतात तोवर तो बांधावर जातो. म्हणजेच 'निवृत्त जीवन' ही सर्वांच्या वाट्याला येणारी अवस्था नसून, प्रामुख्याने पगारी नोकरीतून निर्माण झालेली सवलत आहे. छंदांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दिनक्रमाचे स्वरूप

नोकरीत वेळेचे नियमन बाहेरून होते. हजेरीपट, शाळेची घंटा व एस.टी.चे वेळापत्रक दिवसाला आकार देतात. निवृत्तीनंतर हे नियमन अचानक थांबते आणि माणसाला स्वतःच दिवस आखावा लागतो. पहाटेचे फिरणे, देवपूजा, चहासोबत वर्तमानपत्र, सांगली आकाशवाणीवरील कार्यक्रम, दुपारची विश्रांती आणि सायंकाळी पारावरच्या गप्पा अशी नवी चौकट हळूहळू तयार होते. आठवड्याची खूण शनिवारच्या मारुतिदर्शनाने पटते. महिन्याची बँकेत जमा होणाऱ्या निवृत्तिवेतनाने. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी करावी लागणारी बँकेची फेरी ही वर्षाची खूण ठरते.

या चौकटीवर ऋतूचा प्रभाव मोठा असतो. वारणा खोऱ्याच्या पश्चिम भागात पाऊस भरपूर पडतो आणि भातशेती होते. आषाढ-श्रावणात वृद्धांचे बाहेर पडणे कमी होते, पार ओस पडतो आणि घरातील बैठे छंद पुढे येतात.

प्रमुख छंद

१) परसबाग : मृगाचा पाऊस झाला की दोडका, कारले, काकडी, भोपळा यांचे वेल लावले जातात व ते मांडवावर चढवले जातात. मोरीचे सांडपाणी अळू व केळीकडे वळवण्याची जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे, कारण या वनस्पतींना सतत ओलसर जमीन मानवते. दाराशी जास्वंद व पारिजातक, मागे कढीपत्ता व गवती चहा एवढ्या लागवडीने पूजेची आणि स्वयंपाकाची नित्याची गरज भागते. परसबागेचे खरे मूल्य मात्र भाजीच्या किमतीत नाही. रोपाला उद्या पाणी लागणार असते. त्यामुळे उद्याचे काम आज ठरते. निवृत्तीने हिरावलेली 'आपली कोणाला तरी गरज आहे' ही जाणीव रोप परत देते.

२) वाचन : वर्तमानपत्राचे वाचन एकट्याचे असते, पोथीचे वाचन श्रोत्यांसाठी असते. चातुर्मासात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारख्या श्रीधरकृत ग्रंथांचे वाचन करण्याची परंपरा आहे. वाचणाऱ्याला ठरलेल्या वेळी बसावे लागते, कारण ऐकणारे वाट पाहत असतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात ग्रंथालयांचे जाळे विस्तारले. त्यांतील वृत्तपत्र विभाग हा ज्येष्ठांसाठी घराबाहेरची एक हक्काची जागा ठरतो.

३) नोंदी व आठवणी : जमाखर्चाची वही, पावसाची नोंद, भाऊबंदांची वंशावळ असे लेखन काही ज्येष्ठ नेटाने करतात. शिराळा तालुक्यात या छंदाला विशेष महत्त्व आहे. १९३० च्या बिळाशी जंगल सत्याग्रहाच्या कथा आईवडिलांकडून ऐकलेली पिढी आज वृद्धावस्थेत आहे. चांदोली धरण आणि २००४ साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान यांमुळे उठलेल्या गावांची शेते, देवळे व वाटा याच पिढीच्या स्मरणात आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर नागपंचमीचे स्वरूप बदलले. त्यापूर्वीचा उत्सव कसा होता हेही त्यांनी पाहिले आहे. असे लेखन वरकरणी वेळ घालवण्याचे साधन वाटले, तरी स्थानिक इतिहासाचे ते प्राथमिक साधन होऊ शकते.

या तिन्ही छंदांत एक समान सूत्र दिसते. ज्या कामाची दुसऱ्या कोणाला प्रतीक्षा असते, ते टिकते. केवळ वेळ काढण्यासाठी घेतलेला छंद काही महिन्यांतच कंटाळवाणा होतो.

घरातील दुसरी बाजू

पुरुषाच्या निवृत्तीनंतर घरातील स्त्रीचे काम कमी होतेच असे नाही. अनेकदा ते वाढते. पूर्वी डबा एकदा भरून दिला की दुपार मोकळी मिळे. आता दोन्ही वेळचे गरम जेवण, अधूनमधून चहा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची उठबस तिच्याकडे येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे होते. हे आकडे केवळ ज्येष्ठांचे नसून सहा वर्षांवरील व्यक्तींचे आहेत. तथापि आयुष्यभर रुळलेली ही विभागणी साठीनंतर आपोआप बदलेल, असे मानण्यास आधार नाही.

गृहिणीला निवृत्तीची तारीख नसते व स्वतःचे निवृत्तिवेतनही नसते. निवृत्तिवेतनधारक पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हेच पुष्कळदा तिच्या नावावर येणारे पहिले नियमित उत्पन्न असते. तिच्या छंदांनाही 'छंद' म्हटले जात नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी, वाती वळणे, सांडगे-पापड घालणे ही सारी 'कामे' समजली जातात. परसबाग पतीची म्हणून ओळखली जाते. परंतु मागील वर्षीचे भोपळ्याचे बी राखेत घोळून कोणत्या डब्यात ठेवले आहे, हे तिलाच ठाऊक असते.

येथेच या विषयातील खरा प्रश्न आहे. सेवानिवृत्ताचा शांत दिनक्रम ही घराने मिळून निर्माण केलेली शांतता आहे. तिचा लाभ एकाला आणि भार दुसऱ्यावर, असे होत असेल, तर ती निवृत्ती अपुरी म्हणावी लागेल.

समारोप

निवृत्तीपूर्वी निवृत्तिवेतनाची कागदपत्रे काळजीपूर्वक तयार केली जातात. दिनक्रमाची तयारी मात्र क्वचितच होते. ती तयारी साधी असू शकते. सकाळचा चहा स्वतः करणे, भाजी निवडणे, पाणी भरणे अशी कामे नव्या दिनक्रमात प्रारंभीच समाविष्ट व्हावीत. पोथीच्या वेळेइतकीच पत्नीची मोकळी वेळही ठरलेली असावी. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य, तर सर्व महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. माहेर, देवदर्शन वा मैत्रिणीकडे जाण्यासाठी या सवलतीचा उपयोग व्हायचा, तर त्या दिवशी घरची चूल दुसऱ्या कोणीतरी सांभाळली पाहिजे. महाविद्यालये व ग्रंथालयांनी ज्येष्ठांच्या आठवणींचे संकलन हाती घेतल्यास त्यात ज्येष्ठ स्त्रियांचाही आवाज आवर्जून नोंदवावा. छंद माणसाला एकटेपणापासून वाचवतो हे खरे. पण तो घरातील दुसऱ्या माणसालाही थोडी उसंत देतो, तेव्हाच त्याचे सार्थक होते.