धावणाऱ्यांनो, ‘कोस्ट टू कोस्ट’ बघाच!

रोजच्या डांबरी रस्त्याचा कंटाळा आलेल्या प्रत्येक हौशी धावपटूला न्यूझीलंडची ही शर्यत माहीत असायलाच हवी. रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये ती सुरू केली. दक्षिण बेटाच्या पश्चिमेला कुमारा बीचवरून निघायचं आणि अख्खं बेट ओलांडून पूर्वेला न्यू ब्रायटनचा किनारा गाठायचा. धावणं, सायकल आणि कयाक मिळून २४३ किलोमीटर!

डोंगरातला ३० किलोमीटरचा टप्पा आपल्या हक्काचा, असं धावणाऱ्याला वाटतं. पण तिथे सरळ पायवाट फारशी नाहीच. डिसेप्शन नदीच्या पात्रातून, दगडांवरून उड्या मारत, गार पाणी पुन्हा पुन्हा ओलांडत गोट पासपर्यंत चढायचं. मॅरेथॉनच्या वेगापेक्षा इथे घोट्यांची ताकद आणि पाऊल कुठे टाकायचं ते हेरणारी नजर महत्त्वाची. सह्याद्रीतल्या ओढ्यांत पाऊस ओसरल्यावर केलेली भटकंती हा याचा उत्तम सराव, असं माझं ठाम मत आहे.

त्याहून अवघड वायमाकरीरी नदी. ७० किलोमीटर कयाक! त्यासाठी वाहत्या पाण्यातल्या कौशल्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून तयारीची सुरुवात धावण्यापासून नाही, वल्ह्यापासून करा. कोलाडला कुंडलिका नदीवर वाहत्या पाण्याची ओळख होते.

एका दिवसात सगळं झेपणार नसेल तर दोन दिवसांचा पर्याय आहे, जोडीदाराबरोबर टप्पे वाटूनही घेता येतात. मी म्हणेन, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन दिवसांचाच पर्याय निवडावा. कोण कोण तयार आहे? कमेंटमध्ये सांगा!