डाव्या बाजूचा पदार्थ

आपल्याकडे पान वाढायची एक ठरलेली रीत आहे. वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी-आमटी आणि मधे भाताची मूद. अमेरिकन जेवणातल्या 'साइड डिश'चं भाषांतर करायची वेळ आली तर मी 'डाव्या बाजूचा पदार्थ' असं करीन. पण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, आपण कुणाकडे जेवायला गेलो की मोठी पंचाईत होते. टेबलाच्या मधोमध टर्की विराजमान असते आणि आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना डावी बाजू हेच पूर्ण जेवण असतं. म्हणून ती डावी बाजू नीट जमली पाहिजे, आणि तिच्यात काय आहे हे ठाऊक पाहिजे. हा लेख त्यासाठी.

काही वर्षांपूर्वी आई आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती. आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. शेजारीणबाईंनी थँक्सगिव्हिंगला आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि आईसाठी मुद्दाम फरसबीचं कॅसरोल केलं, वरून भरपूर चीज. आईने दोनदा मागून घेतलं. जेवणं झाल्यावर मी आवराआवरीला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर सुपाचा रिकामा डबा. सवयीने लेबल वाचलं. त्यात चिकन स्टॉक होता.

शेजारीणबाईंच्या हिशेबी त्या पदार्थात मांसाचा एक तुकडाही नव्हता. मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी आईला सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिने मायेने केलं रे. बघून घ्यायचं काम तुझं होतं."

त्या दिवसापासून आमच्या घरचा नियम असा, की थँक्सगिव्हिंगला भाजीचा एक पदार्थ आपण करून न्यायचा. ही भाजी कुठून आली, हे आधी थोडक्यात सांगतो. फरसबीचं कॅसरोल म्हणजे काही यात्रेकरूंच्या काळापासून चालत आलेली परंपरा नव्हे. ते १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये, कॅम्पबेल कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी तयार केलं. घरात हमखास असणारे डबे उघडायचे, मिसळायचे आणि ओव्हनमध्ये ढकलायचे, एवढीच कृती. सुपाच्या डब्याने व्हाइट सॉसची जागा घेतली आणि गृहिणीचा अर्धा तास वाचला. आपल्याला मात्र तो अर्धा तास परत द्यावा लागणार.

आता बघून घेण्याच्या गोष्टी. पहिली, डब्यातलं सूप. 'क्रीम ऑफ' अमुक-तमुक लिहिलेलं असलं तरी काही डब्यांत कोंबडीचा अंश असतो. दुसरी, वूस्टरशर सॉस. त्याच्या मूळ कृतीत अँकोव्ही नावाचे मासे असतात. तिसरी आणि सगळ्यात अवघड, खुद्द चीज. दूध गोठवायला परंपरेने रेनेट वापरतात. ते दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून मिळतं आणि त्यातलं काम करणारं द्रव्य म्हणजे कायमोसिन. १९९० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सूक्ष्मजंतूंकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला मान्यता दिली, आणि आज इथलं बहुतांश चीज त्याच प्रकारच्या कायमोसिनवर होतं. त्यासाठी वासरू मारावं लागत नाही. पण लेबलवर नुसतं 'एन्झाइम्स' असं मोघम लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही. 'व्हेजिटेरियन' किंवा 'मायक्रोबियल' असं स्पष्ट लिहिलेलं घ्यावं. इटलीचं अस्सल पार्मिजानो-रेज्जानो मात्र नियमानेच वासराच्या रेनेटचं असतं, तेव्हा ते आपल्या कामाचं नाही.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी कच्चे फ्लॉवरचे तुरे ट्रेमध्ये रचले, वर पाऊणशेर 'एक्स्ट्रा शार्प' चेडर किसून घातलं आणि तासभर कडक ओव्हनमध्ये ठेवलं. बाहेर आलं ते असं: खाली पाण्याचं तळं, वर तेलाचा तवंग आणि मधे रबरासारखं काहीतरी. ते घरच्यांनीच संपवलं. (संपवलं म्हणजे टाकलं.)

प्रोग्रॅम बिघडला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. इथेही तेच केलं. पुढच्या शनिवारी फ्लॉवर आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं काढून नीट कोरडा केला, बाकी सगळं तसंच ठेवलं. तळं नाहीसं झालं, तवंग राहिला. म्हणजे या दोन वेगळ्या चुका होत्या.

पाण्याचं कारण सोपं आहे. फ्लॉवरमध्ये वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणीच असतं. उष्णतेने पेशी फुटल्या की ते बाहेर येणार. काकडीला मीठ लावून पिळून घेतल्याशिवाय आपण खमंग काकडी करत नाही, त्यातलाच हा प्रकार. पाणी सुटायचं ते ओव्हनच्या आधी सुटू द्यावं.

तवंगाचं कारण जरा खोल आहे. चीज म्हणजे केसिन या प्रथिनाचं एक जाळं. त्याचे धागे कॅल्शियमने एकमेकांना धरलेले असतात आणि जाळ्याच्या खोबणींत लोण्याचे थेंब व पाणी अडकलेलं असतं. बेताची उष्णता दिली की लोणी वितळतं, जाळं सैल होतं आणि चीज वाहू लागतं. उष्णता जास्त झाली की तेच जाळं आवळतं आणि तूप-पाणी पिळून बाहेर काढतं. यालाच आपण चीज 'फुटलं' म्हणतो. जुनं, मुरलेलं चीज चवीला उत्तम, पण त्याचं जाळं मुरताना तुटलेलं असल्यामुळे ते लवकर फुटतं.

यावर उपाय काय? तो आपल्या आज्यांना ठाऊक होता. ताकाची कढी करताना आधी बेसन कालवतात, नाहीतर कढी फुटते. बेसनातला स्टार्च गरम होऊन फुगतो, प्रथिनांच्या मधे मधे जाऊन बसतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. व्हाइट सॉसमधला मैदा नेमकं हेच काम करतो. म्हणून चीज भाजीवर नुसतं पसरायचं नाही, आधी सॉसमध्ये विरघळवायचं. आणि तेही गॅस बंद केल्यावर, मूठ-मूठ करून.

अमूलचं डब्यातलं चीज सहसा फुटत नाही, कारण ते प्रोसेस्ड असतं. त्यात घातलेले क्षार कॅल्शियम बाजूला काढतात आणि मोकळं झालेलं केसिन स्वतःच तूप व पाणी यांना बांधून ठेवतं. इथल्या 'अमेरिकन चीज'च्या दोन चकत्या सॉसमध्ये घातल्या तर तोच फायदा होतो, फक्त लेबल बघून घ्या.

कृती (आठ जणांसाठी, ९ बाय १३ इंचांच्या काचेच्या ट्रेमध्ये): दोन पौंड फ्लॉवर आणि एक पौंड ब्रोकोली. फ्लॉवर तीन मिनिटं, ब्रोकोली एक मिनिट मिठाच्या उकळत्या पाण्यात घालून काढा, गार पाणी घाला आणि टॉवेलवर पसरून पूर्ण कोरडी करा. चार मोठे चमचे लोणी (इथली अर्धी कांडी) मंद आचेवर वितळवून त्यात चार मोठे चमचे मैदा दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. अडीच कप दूध थोडं थोडं घालत सतत ढवळा, गुठळी होऊ देऊ नका. उकळी आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं शिजवा, चमच्यावर लेप धरला पाहिजे. गॅस बंद करा. मोहरीची पूड अर्धा चमचा, मिरपूड, किंचित जायफळ आणि मग आठ औंस किसलेलं मध्यम चेडर घाला. चीज घरी किसा, कारण तयार किसलेल्यावर तुकडे चिकटू नयेत म्हणून पूड लावलेली असते आणि ते तितकं छान मिळून येत नाही. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. भाजीत सॉस मिसळून ट्रेमध्ये पसरा. वर एक कप पावाचा चुरा दोन चमचे वितळलेल्या लोण्यात कालवून घाला. ३७५ अंश फॅरनहाइटला (१९० सेल्सिअस) पंचवीस ते तीस मिनिटं, कडेने बुडबुडे येऊन वर तांबूस होईपर्यंत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात सॉस आळतो. आपल्या मंडळींसाठी एखादी हिरवी मिरची बारीक चिरून घातली तर यजमानही तक्रार करत नाहीत, असा अनुभव आहे.

आणखी एक करा. ट्रेशेजारी सगळे घटक लिहिलेलं कार्ड ठेवा, चीजच्या प्रकारासकट. मैदा आणि दूध न चालणारी माणसंही टेबलाभोवती असतात. आपल्या आईसाठी जी माहिती हवी होती, ती दुसऱ्या कुणाच्या आईलाही हवी असते.

या पदार्थाच्या वरच्या तांबूस थराला फ्रेंच लोक 'ग्रातँ' म्हणतात. तो शब्द खरवडणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे, म्हणजे आपली खरवडच. आई पुढच्या खेपेला आली तेव्हा आम्ही हाच ट्रे घेऊन शेजारी गेलो. कार्ड मी तिला मराठीत वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पान पुढे केलं आणि म्हणाली, "कोपऱ्यातली खरवड मला वाढ."

शेजारीणबाईंनी त्या दिवशी कृती लिहून घेतली. आता डाव्या बाजूचा हा पदार्थ त्या स्वतः करतात, आणि सुपाचा डबा उघडण्याआधी मला फोन करून लेबल वाचून दाखवतात.