मैलापाण्यातले जिवाणू : तपोवन ते सायखेडा

मैलापाण्यातला सेंद्रिय मळ किती आहे, हे बीओडीवरून, म्हणजे तो मळ कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूवरून, कळते. आज तो मळ खाणाऱ्यांची ओळख करून घेऊ आणि त्यांच्या मागोमाग गोदावरी नदीने खाली निफाड तालुक्यातल्या सायखेड्यापर्यंत जाऊ.

नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी इथल्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रांत यूएएसबी हे तंत्र वापरले गेले. नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला लेटिंगा यांनी १९७०च्या दशकात ते विकसित केले. बंद टाकीत मैलापाणी तळातून वर चढते आणि गाळाच्या जाड थरातून जाते. तिथे हवा नाही. काही जिवाणू मोठे रेणू फोडतात, काही त्यांची आम्ले करतात आणि शेवटी आर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यातून मिथेन तयार करतात. शेतावरच्या गोबरगॅसमध्येही हीच मंडळी असते. हवा फुंकायची नसल्याने वीज वाचते आणि गॅस पकडून जाळला तर इंधनही मिळते. आपल्या उष्ण हवामानाला हे तंत्र मानवले, ते उगीच नव्हे.

अडचण पुढे आहे. सगळा मिथेन टाकीच्या घुमटात जमत नाही. बराचसा पाण्यात विरघळून बाहेर पडतो आणि उघड्यावर येताच हवेत मिसळतो. थंडीत तो जास्त विरघळतो, आणि निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

शिवाय या टाकीत मळ कमी होतो, पण नायट्रोजन जवळपास तसाच, अमोनियाच्या रूपात, राहतो. पुढे तो काढला नाही तर नदीत जातो. तिथे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. प्राणवायू कमी पडला की आणखी काही जिवाणू नायट्रेट मोडतात. या उलाढालीत नायट्रस ऑक्साइड निसटतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रखर आहे.

सायखेड्याच्या पुलाला अडकणाऱ्या पाणवेली याच नायट्रोजनवर आणि त्यासोबत येणाऱ्या फॉस्फरसवर पोसतात. सगळा दोष केंद्रांचा नाही. प्रक्रियेविना येणारे नाले आहेत, शेतांतून वाहून येणारी खतेही आहेत. पण पाणवेलींनी पात्र झाकले की खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू संपतो, मेलेल्या वेली तळाशी कुजतात आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव पुन्हा कामाला लागतात. तपोवनात निदान गॅस धरायला घुमट आहे. इथे तो थेट आकाशात जातो. थोडे खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० साली जाहीर झालेले महाराष्ट्राचे पहिले रामसर क्षेत्र. संथ पाण्यात हा सगळा माल तिथेच साचतो.

म्हणून केवळ बीओडी उतरला म्हणजे पाणी शुद्ध झाले, हा हिशेब अपुरा आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकच्या केंद्रांकडे सर्वांचे लक्ष आहे. नायट्रोजन काढणारा टप्पा आणि विरघळलेल्या मिथेनची मोजणी या दोन गोष्टींचा आग्रह नाशिककरांइतकाच सायखेडा आणि शेजारच्या चांदोरीच्या ग्रामसभांनीही आताच धरावा.