बस पाहावी घेऊन

अमेरिकेत जुन्या बसचं घर करणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. शाळेच्या पिवळ्या बसचं घर झालं की तिला 'स्कूली' म्हणतात; लांब पल्ल्याच्या बसचं झालं तर नुसतं 'कन्व्हर्जन'. बाकडी उपटायला सगळेच उत्साहाने सुरुवात करतात. नळ आणि वायरिंगपर्यंत आल्यावर अनेकांचा धीर सुटतो. म्हणून दुसऱ्याने करून ठेवलेली बस घेणारे बरेच. या वाटेला मोठी परंपराही आहे. 1964 साली लेखक केन केसी मित्रमंडळींना घेऊन ज्या रंगीबेरंगी बसने कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेला, ती 1939 ची शाळेची बस होती. तिच्यातले बिछाने, न्हाणीघर, स्वयंपाकघर हे सगळं आधीच्या मालकाने आपल्या अकरा मुलांना सुट्टीत फिरवण्यासाठी केलेलं होतं. केसीच्या मंडळींनी नंतर ती रंगवली.

विक्रीच्या जाहिरातीत ओट्याचे, गाद्यांचे आणि लाकडी कपाटांचे फोटो भरपूर असतात. बसच्या पोटाखालचा एखादाच, तोही अंधारात काढलेला. माझ्या मते पाहणी तिथूनच सुरू करावी. गाद्या बदलता येतात, गंजलेला सांगाडा बदलायला निघालात तर बसच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. 'ईगल' या देखण्या बसची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे: रबराच्या सस्पेन्शनमुळे मिळणारा मऊ प्रवास आणि पोलादी सांगाड्याला लागणारा गंज. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्यामुळे ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात आयुष्य गेलेल्या बसला जाणकार दोन पैसे जास्त मोजतात. 1953 ते 1960 दरम्यान निघालेल्या जीएमसीच्या 4104 ला ॲल्युमिनियमचं अंग असल्याने ती या बाबतीत सुखी. तिच्यात रिव्हर्स मात्र बटण दाबून लावावा लागतो, हे विक्रेत्याला विचारून घ्यावं. नाहीतर त्याच्याच अंगणातून बाहेर पडता येणार नाही.

या पिढीतल्या बहुतेक बसच्या मागच्या कप्प्यात डेट्रॉइट डिझेलचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. एका सिलिंडरची क्षमता 71 घन इंच, म्हणून सहा सिलिंडरचं ते 6-71 आणि आठाचं 8V-71. पिस्टन दर वेळी वर आला की डिझेल पेटतं, त्यामुळे इंजिन आहे त्याच्या दुप्पट वेगाने फिरतंय असं कानाला वाटतं. थोडं ऑइल गळत असेल तर घाबरू नये. या इंजिनांचा तो स्वभावच आहे. त्यांना साधं एकाच ग्रेडचं, 40 नंबरचं ऑइल लागतं. विक्रेत्याला सहज विचारावं, "कुठलं ऑइल घालता?" तो आजच्या ट्रकमध्ये घालतात त्या मल्टिग्रेडचं नाव घेऊ लागला, तर इंजिनाची देखभाल कशी झाली असेल ते कळतं. बिघाड झाल्यास हे इंजिन चावी बंद करूनही सुसाट पळत राहू शकतं. तेव्हा हवा तोडायला एक झडप दिलेली असते. ती चालते का, हे उभ्या बसमध्येच पाहून घ्यावं.

ब्रेक हवेचे. एसटीतून फिरलेल्यांना तो 'फुस्स' आवाज ओळखीचा आहे. हवा 120 पौंडांपर्यंत भरून इंजिन बंद करावं आणि काट्याकडे मिनिटभर पाहावं. दोन पौंडांपेक्षा जास्त उतरली, किंवा पेडल दाबून धरल्यावर तीनपेक्षा जास्त, तर कुठेतरी गळती आहे. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबत राहावं. 60 पौंडांच्या आसपास भोंगा वाजायलाच हवा.

टायरची नक्षी पाहून फसू नये. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या बसचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात: 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. पुढचा टायर हायवेवर फुटला तर स्टिअरिंग हातात राहणं कठीण.

कागदपत्रांत ती 'बस' आहे की 'मोटरहोम', हे नीट वाचावं. विमा आणि परवाना दोन्ही त्यावर अवलंबून असतात आणि प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात 40 फुटांपेक्षा लांब मोटरहोमला वेगळा परवाना लागतो.

मग घरचा रस्ता. खरी परीक्षा इथे होते. वर्षानुवर्षं उभ्या बसच्या टाकीत तळाला गाळ बसलेला असतो. बस हलली की तो ढवळला जातो, आणि थोड्या अंतरावर इंजिन दम टाकू लागतं. डिझेल फिल्टरचे दोन-तीन जोड आणि ते बदलायचा पाना जवळ असला की रस्त्याच्या कडेला काम भागतं. नाहीतर एवढी अवजड गाडी ओढून न्यायचा खर्च ऐकून घाम फुटतो. पहिल्या दिवशी कमी अंतर, आणि दर थांब्याला चाकांच्या हबला हात लावून पाहणं. एखादा हब इतरांपेक्षा खूप गरम लागला तर ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग खराब होतंय.

वाटेत घाटही लागतात. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला टेहोन खिंड 4,144 फुटांवर आहे. चढताना काटा तापमानाचा बघायचा, उतरताना हवेचा. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्या वरचा गिअर उतरताना टाकायचा नाही, हे बोरघाटात एसटी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. छतावर एसी बसवलेला असेल तर टेप लावून उंची मोजावी आणि ती समोर लिहून ठेवावी. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी 11 फूट 8 इंचांच्या एका रेल्वे पुलाने इतक्या गाड्यांची छतं सोलली, की 2019 मध्ये तो आठ इंच उचलावा लागला. छतं सोलली जाणं अजून पूर्ण थांबलेलं नाही.

बस घरी पोचली की अंगणात लावायची, असं वाटतं. पण अनेक वसाहतींच्या रहिवासी संघांना दारात बस चालत नाही. खरेदीआधीच तो नियम वाचावा, आणि गरज असेल तर बोटी व ट्रेलर ठेवतात तशा एखाद्या आवारात महिन्याच्या भाड्याने जागा धरून ठेवावी. तिथे विजेची सोय असेल तर उत्तम, बॅटऱ्या उतरत नाहीत.