ग्वाल्हेरच्या मेळ्यातली गाडी आणि आपल्या बंदरावरची गाडी



जानेवारी आला की मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागतो. "ग्वाल्हेरला गाडी अर्ध्या टॅक्समध्ये मिळते." मग सोसायटीत आलेला कोणी ना कोणी विचारतोच, "खरं आहे का हो? जाऊन आणायची का एक?" या वर्षी हंगाम कुणाला बरा गेलाय, कुणाला बेताचा. पण घरात चारचाकी घ्यायचा विषय बऱ्याच जणांकडे निघालाय. म्हणून आम्ही हे सविस्तर लिहितोय. मेसेज खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा कळला नाही तर लाखाचा घोळ होतो.

मेळा आहे तरी काय?

ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचं गाव. तिथला लष्कर भाग दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या छावणीवरून वसला, म्हणून त्याला नावच लष्कर. तिथे आजही मराठी घरं आहेत, गणपती बसतात. याच गावात १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी मेळा सुरू केला. सुरुवातीला तो गुरांचा बाजार होता. पुढे वाढत वाढत कपडे, फर्निचर, भांडी, टीव्ही-फ्रीज सगळं आलं आणि आता मोठा भाव खातो तो गाड्यांचा विभाग. डिसेंबरच्या शेवटाला मेळा सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. म्हणजे जिथे एकेकाळी बैलाचे दात बघून सौदा व्हायचा, तिथे आता गाडीचं बॉनेट उघडून होतो.

मध्य प्रदेश सरकार मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट देतं. ही सूट आपोआप मिळत नाही, त्या त्या वर्षी सरकारचा आदेश निघावा लागतो. त्यामुळे तिथली माणसं दिवाळीपासून गाडी ठरवून ठेवतात आणि आदेशाची वाट बघत बसतात. उज्जैनच्या मेळ्यालाही २०२४ पासून अशीच सूट मिळायला लागली.

अर्धा टॅक्स म्हणजे अर्धी किंमत नव्हे

इथेच बरेच जण फसतात. सूट गाडीच्या किमतीवर नाही, टॅक्सवर आहे. हिशेब करून बघू. समजा गाडी ९ लाखांची आहे आणि टॅक्स ८ टक्के धरला, तर टॅक्स झाला ७२ हजार. त्याचा अर्धा ३६ हजार. म्हणजे वाचले ३६ हजार. रक्कम लहान नाही, एका चांगल्या जाळ्याच्या दुरुस्तीचे पैसे झाले. पण "अर्ध्यात गाडी" ही गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

आता आपला प्रश्न. आपण जाऊन आणली तर?

सुटीची मुख्य अट अशी की गाडीची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओतच व्हायला पाहिजे. आणि कायद्याने गाडीची नोंदणी मालक जिथे राहतो, किंवा त्याचा धंदा जिथे आहे आणि गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्यात होते. रत्नागिरीच्या किंवा पालघरच्या माणसाकडे मध्य प्रदेशातला पत्ता कुठून येणार? कुणी एजंट "पत्त्याची सोय करतो" म्हणाला तर तिथूनच उठावं. खोटा पत्ता म्हणजे खोटा कागद, आणि उद्या अपघात झाला की हाच कागद विमा कंपनी पुढे टाकते.

बरं, कुणाचा भाऊ खरोखर तिकडे नोकरीला आहे, त्याच्या नावावर रीतसर घेतली आणि गाडी इकडे आणली. तरीही मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, आणि मग महाराष्ट्राचा टॅक्स. आपल्याकडे १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के टॅक्स आहे. ९ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीला तो ९९ हजार होतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी लागेल, तिकडचा काही परतावाही मागता येईल, पण खेटे कोण घालणार? ३६ हजार वाचवायला गेलो आणि डोल काढायचे दिवस आरटीओच्या बाकावर गेले, असं व्हायचं.

थोडक्यात, ती सूट तिथल्या माणसांसाठी आहे. त्यांनी जरूर घ्यावी. आपण तिथून गाडी नाही, शहाणपण आणावं.

ग्वाल्हेरकरांकडून घेण्यासारखं काय?

एक म्हणजे सबुरी. ते लोक मॉडेल आधी ठरवतात, पैसे बाजूला काढतात आणि खरेदीची वेळ आली की एका दिवसात सौदा करतात. आपल्याकडे उलटं होतं. दोन फेऱ्यांना पापलेट चांगलं लागलं की थेट शोरूम.

दुसरी गोष्ट सावध राहण्याची. सूट टक्क्यांत असली की गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी दिसते. "वीस लाखांच्या गाडीवर बघा किती वाचतात!" असं वाटायला लागतं. वाचलेल्या पैशापेक्षा जास्त गेलेला पैसा त्यात दिसत नाही. हे मेळ्यातच घडतं असं नाही, आपल्या शोरूमच्या दिवाळी ऑफरलाही तेच घडतं. सूट बघून गाडी ठरवू नये. आधी गाडी ठरवावी, मग सूट शोधावी.

आणि सूट आपल्या दारातही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, पूर्वी २८ टक्के आणि वर सेस होता. लहान म्हणजे ४ मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. मालवाहू गाड्यांवरचाही २८ चा १८ झाला. शिवाय डिसेंबर-जानेवारीत शोरूमवाले सरत्या वर्षाच्या गाड्या कमी भावात काढतात. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर हा सौदा चांगला. तीन वर्षांत विकायची असेल तर लक्षात ठेवा, विकताना भाव बनावटीच्या वर्षावर ठरतो.

आता आपली यादी

ग्वाल्हेरचा उन्हाळा भाजून काढणारा. तिथला माणूस आधी एसी बघतो, मग लष्करच्या गल्लीत गाडी वळेल का ते बघतो. त्याची यादी त्याच्या गावाची. आपली यादी आपल्या बंदराची पाहिजे.

१. घरची की धंद्याची? हे आधी ठरवा, कारण सगळं यावर आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घ्यायची आणि मागची सीट पाडून रोज मार्केटला म्हावरं न्यायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या अटी लिहिलेल्या असतात. भाड्याने चालवणं आणि विक्रीचा माल वाहणं त्यात बसत नाही. पहाटे माल घेऊन जाताना अपघात झाला आणि मागे बर्फाचे टप सापडले, तर क्लेम अडू शकतो. रोजचा माल न्यायचा असेल तर पिवळ्या पाटीचा छोटा टेम्पो किंवा पिकअपच घ्या. त्याला फिटनेस, परमिटचे नियम बघावे लागतात, पण माल कायदेशीर जातो. लायसन्सची काळजी नको. साध्या चारचाकीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय.

२. गंज. बोटीला जस्ताचे ठोकळे का लावतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. खारं पाणी आधी जस्त खातं, म्हणून पंखा-शाफ्ट वाचतो. गाडीचंही तसंच. घेताना विचारा, पत्र्याला जस्ताचा थर आहे का आणि गंजाची वॉरंटी किती वर्षांची. पहिल्या पावसाआधी खालून गंजरोधक लेप मारून घ्या. लिलावाला जाताना ओल्या वाळूत गाडी उतरवू नका. उतरवलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. डिकीत मासळी नेली तर बर्फाचं पाणी गालिच्याखाली झिरपतं आणि सांध्यात बसतं. वास जाईल, गंज जाणार नाही. झाकणाचा टप आणि खाली रबरी ट्रे, एवढं कायम ठेवा. सीएनजी घेणार असाल तर टाकीने डिकी किती खाल्ली ते शोरूममध्ये स्वतः टप ठेवून बघा.

३. हप्ता. हे सगळ्यात महत्त्वाचं. नोकरदाराचा पगार बारा महिने येतो. आपला हंगाम १ जून ते ३१ जुलै बंद असतो. बँक मात्र बंद नसते. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण १६,६०० रुपये बसतो. बंदीच्या दोन महिन्यांचे झाले ३३,२०० रुपये, आणि त्याच दिवसांत बोट वर काढून रंग, इंजिन, जाळी, शाळेची फी. सेल्समन म्हणेल ७ वर्षं करा. हप्ता १२,९०० च्या आसपास येतो खरा, पण एकूण व्याज सुमारे ८५ हजारांनी वाढतं. म्हणून आमचं सांगणं असं: बंदीच्या दोन हप्त्यांचे पैसे एप्रिलपर्यंत वेगळे ठेवता येत असतील तेवढंच कर्ज काढा. आणि बोटीवर कर्ज चालू असेल तर घरात स्पष्ट बोला. हप्ता थकला तर गाडी जाते, पण गाडीच्या हप्त्यापायी इंजिनचं काम राहिलं तर हंगामच जातो.

४. जीव. रात्री दोनला बंदरावर, पहाटे मार्केटला, झोप अर्धी. अशा वेळी सनरूफ कामाला येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप ही धडक चाचणी सुरू झाली. गाडीला किती तारे मिळालेत ते विचारा, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे असतात. पैसे कमी पडत असतील तर मोठ्या स्क्रीनवर तडजोड करा, एअरबॅगवर नको. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा.

५. बसणार कोण? गाडी बघायला बाप आणि मुलगा जातात. मुलगा रंग बघतो, बाप अ‍ॅव्हरेज बघतो. आणि तीस वर्षं डोक्यावर पाटी वाहून गुडघे दुखणारी आई घरी असते. तिला घेऊन जा. ती किती सहज चढते-उतरते ते बघा. बाजारात पैसा तिने मोजलाय, सौदाही तिलाच करू द्या. शोरूमवाल्याला कळेल भाव कशाला म्हणतात ते!

६. हौस. शेवटी ठेवली, पण खोडली नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात महाराजांची चांदीची छोटी आगगाडी आहे, जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे दारू आणि सिगार फिरवायला केलेली. हौसेला मोल नसतं. पण महाराजांना जून-जुलैचा हप्ता नव्हता. लाल रंग आवडतो, घ्या. बोटीच्या नावाची अक्षरं मागच्या काचेवर पाहिजेत, लावा. वरचं महागडं मॉडेल मात्र शेजारच्या नाखव्याने घेतलं म्हणून नको.

एक काम करा. या रविवारी घरातल्या प्रत्येकाने कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: गाडी कशासाठी पाहिजे, कशावाचून अडेल, कशावाचून चालेल. सगळ्यांचे कागद एकत्र ठेवा. जे दोन-तीन कागदांवर सारखं आलं तेच तुमचं मॉडेल. बाकीचं सेल्समनचं.

कर्जाचे कागद सहीआधी वाचून घ्यायचे असतील तर सोसायटीत घेऊन या, आम्ही बसून बघू. आणि गाडी आली की नारळ फोडायला बोलवा. नारळ आमच्याकडून.