वारशाचे पत्र आणि लोभाचा ठपका

स्पेनमधल्या एका बँकेच्या वतीने पत्र येते. तुमचे एक नातलग काही वर्षांपूर्वी पोर्तुगालमध्ये वारले, मागे लाखो डॉलर ठेवून गेले आणि वारस तुम्ही आहात, असा मजकूर. अमेरिकेतल्या वृद्धांना टपालाने अशी पत्रे पाठवणाऱ्या टोळीवर तिथल्या न्याय खात्याने फ्लोरिडात खटला भरला, तेव्हा 400हून अधिक लोकांचे मिळून 60 लाख डॉलरपेक्षा जास्त गेल्याचे पुढे आले. अशी बातमी वाचली की आपल्या तोंडून सहज निघते, ‘हाव नडली, दुसरे काय!’ हा निवाडा चुकीचा आहे. त्याहून वाईट म्हणजे तो भामट्यांच्या पथ्यावर पडतो.

या लोकांकडून मागितले काय गेले ते पाहा. आधी रक्कम पोहोचवण्याचा खर्च, मग कर, मग सरकारी चौकशी टाळण्यासाठी आणखी काही. कोट्यवधींच्या आकड्यापुढे यातली प्रत्येक मागणी किरकोळ वाटते. पण पहिले पैसे भरले की माणसाची मनःस्थिती पालटते. आता तो नवे धन मिळवायला नव्हे, गेलेले वाचवायला पैसे देत असतो. थांबायचे म्हणजे आधीचे सगळे बुडाले हे स्वतःशी कबूल करायचे. हाव फार तर पहिल्या उत्तराचा उलगडा करते, पाचव्या चेकचा नाही. ऑस्कर हार्टझेल या अमेरिकन भामट्याचे प्रकरण याची साक्ष देते. इंग्लंडचा दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक 1596 साली निपुत्रिक वारला. त्याची अफाट मालमत्ता इंग्लंडमध्ये अडकून पडली आहे, ती सोडवायला पैसे द्या, कैक पटींनी परत मिळतील, असे सांगत हार्टझेलने आयोवा आणि आसपासच्या राज्यांतल्या हजारो लोकांकडून वर्षानुवर्षे पैसे गोळा केले. वाच्यता करायची नाही, हे वचनही त्यांच्याकडून घेतले. 1933 मध्ये ब्रिटनने त्याला देशाबाहेर काढले, अमेरिकेत तो दोषी ठरला, तरी त्याचे पाठीराखे त्याच्यासाठी पैसे देतच राहिले. ज्याच्यावर घरची पुंजी लावली तो माणूस खोटा निघणे त्यांना सोसवत नव्हते.

इतके उघड खोटे पत्र ओळखता कसे येत नाही, असे कोणी विचारेल. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मक हर्ली यांनी 2012 मध्ये अशा ईमेलबद्दल याचे पटणारे उत्तर मांडले. पत्र पाठवायला फारसे काही लागत नाही. खरी मेहनत पुढच्या लांबलचक पत्रव्यवहारात असते. म्हणून मजकुराचा अचाटपणाच चाळणीचे काम करतो आणि शंका घेणारे आधीच गळून पडतात. पत्राला हसून ते बाजूला टाकणारा आपल्या हुशारीने वाचतो असे नाही. मुळात ते गिऱ्हाईकच भामट्यांना नको असते. अशी पत्रे नवीही नाहीत. पॅरिसच्या तुरुंगांतले कैदी श्रीमंतांना दडवलेल्या संपत्तीची पत्रे लिहीत, आणि शंभरांतल्या वीस पत्रांना उत्तर येई, असे व्हिडॉक या फ्रेंच गुप्तहेराने 1828च्या सुमारास आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही पत्रे सरळच सांगतात की मृताशी तुमचे नाते नाही, पण आडनाव एक आहे, म्हणून तुम्हाला वारस दाखवू. याला होकार देणारा निर्दोष कसा? तो पूर्ण निर्दोष नाही, हे मान्य. पण हा अपराधभाव पत्र लिहिणाऱ्याला हवाच असतो, कारण असा माणूस पोलिसांकडे जाताना दहा वेळा विचार करतो. स्पेनच्या प्रकरणात तर आधी फसलेल्यांनाच नव्या सावजांचे पैसे स्वीकारून पुढे पाठवायला लावले होते. ‘हाव नडली’ म्हणणारे नातेवाईक या माणसाचे तोंड आणखी घट्ट बंद करतात.

अनोळखी वारसाला खरे पत्र कधीच येत नाही, असेही नाही. इंग्लंडमध्ये बेवारस मालमत्तेचे वारस शोधून देणाऱ्या संस्था आहेत. मात्र त्यांचा मोबदला सहसा मिळालेल्या वारशातून वळता होतो. आपल्याकडे वारस दाखल्यासाठी कोर्ट फी आधी भरावी लागते, पण ती आपण स्वतः केलेल्या अर्जावर, न्यायालयात. भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर 1985 मध्येच रद्द झाला, तेव्हा त्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर ती मागणी खोटी. रिझर्व्ह बँकेच्या नावाची पत्रेही तशीच. व्यक्तींची खाती आपण ठेवत नाही, हे त्या बँकेने वारंवार जाहीर केले आहे.

घरातल्या कोणी पैसे भरल्याचे कळले तर किती गेले याआधी, पुढची मागणी कधीची आहे, हे विचारावे. पत्रे, पाकिटे, पावत्या फाडू देऊ नयेत. बँकेला लगेच कळवावे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हे लवकर व्हायला हवे, कारण एकदा पैसे भरलेल्यांची नावे भामटे पुन्हा वापरतात. मग कधी वकिलाच्या, कधी सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने दुसरे पत्र येते: तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा.